वळणावर सैल पडणारा हात

कल्याण, माघ वद्य ३, शके १८०८

तीर्थरूप जाऊबाई यांच्या चरणी आवडीचा साष्टांग नमस्कार.

"आपल्या लेकराला आपण नावाजू नये, आवडे. ते काम जावेला दे." सासूबाई हे म्हणाल्या त्याला आता किती वर्षे झाली! महिपत नुकताच पाय टाकू लागला होता आणि मी शेजारणीला कौतुकाने दाखवीत होते. सासूबाईंनी माझ्या तोंडावर हातच ठेवला. तुमच्या पदरी तेव्हा मूल नव्हते. तुम्ही चुलीपुढून उठून आलात, महिपतला उचललेत आणि म्हणालात, "आण इकडे, मी नावाजते." पुढे त्र्यंबक तुमच्या ओटीत आला आणि हे काम दोघींचे झाले. तुम्ही महिपतला नावाजायचे, मी त्र्यंबकला. मी कधी कोणाला बोलले नाही, पण या रीतीने माझे एक भले झाले. माझ्या पोटच्या एका मुलाला मला मनसोक्त नावाजता येते, कारण तो आता माझा नाही.

आज पत्र लिहिण्याचे कारण वेगळे आहे. चैत्री पौर्णिमेला तिसगावच्या माळावर छकड्यांची शर्यत आहे. हरण्या आणि पाखऱ्या ही जोडी वाटण्या झाल्या तरी दोन्ही घरांची राहिली आहे. यंदा ती उतरवायची असे इकडे ठरले. पण छकड्यावर बसणारा एकच, आणि मुलगे दोन. काल जेवताना इकडून हसत म्हणणे झाले, "मी कोणाला बसवला तरी भावकीत बोलणे होईल. तुम्ही दोघी जावा ठरवा. तुम्ही आपापल्या मुलाची बाजू घेणार नाही, एवढी तरी मला खात्री आहे."

तेव्हा मी पाहिले ते लिहिते. गेल्या आठवड्यात माळावर चाचणीची धाव झाली, तिला त्र्यंबक आला होताच. मी गाडीच्या पडद्याआडून पाहिले. एका फेरीला महिपत बसला, एका फेरीला त्र्यंबक, आणि दोन्ही वेळा समोर मोहन्याचा गुणाजी होता. दोन्ही वेळा तोच जिंकला.

गुणाजीचे आधी सांगते, कारण हरवायचे त्याला आहे. त्याच्या हातात पराणी असते पण ती बैलाला लागत नाही. तो बैलांशी बोलतो, आणि इतका हलका बसतो की छकडा रिकामाच धावतो आहे असे वाटावे. अर्ध्या वाटेपर्यंत तो जोडीचा दम राखतो. त्याची खोड एकच. चिंचेचे वळण तो फार लांबून घेतो आणि पुढे गेला की मान वळवून मागे पाहतो. त्याला हरवायचे तर तिथेच.

महिपतचे हात बळकट आहेत, एवढे मी म्हणते. सुटताना त्याच्यासारखा कोणी सुटत नाही. पण त्याला राग आवरत नाही. पराणी फार लवकर चालते, वळणाच्या आधीच जोडीचा दम संपतो, आणि कोणी पुढे गेला की तो आपल्या बैलांना विसरतो, समोरच्याच्या पाठीला हाकीत सुटतो. वळणावर कासरा इतका आवळतो की बैलांच्या माना वाकड्या होतात.

त्र्यंबकचे काय सांगू! तो बैलांचे कान पाहून हाकतो. आतल्या बाजूचा हरण्या दमला की पाखऱ्याला कळण्याआधी त्याला कळते. आणि वळणावर, जाऊबाई, तो हात सैल सोडतो. मी श्वास धरून पाहत होते. सगळे गाडीवान जिथे कासरा ओढतात, तिथे हा सोडतो, आणि बैल आपले आपण चिंचेला वळसा घालतात. गुणाजीपेक्षा जवळून त्याने वळण घेतले. शेवटी हरला तो जोडी दामटली नाही म्हणून.

माझे मत त्र्यंबकला. तो बसणार असला तर आतापासून त्याला इकडे राहायला हवे, म्हणजे जोडीला त्याचा हात कळेल. त्याची खोली मी सारवून ठेवली आहे. तुम्ही काय म्हणता ते कळवावे.

आपली,
आवडी


ठाणे, माघ वद्य ९, शके १८०८

सौ. आवडीस सगुणेचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी सांगते आहे आणि त्र्यंबक लिहितो आहे. मामंजींनी आपल्याला एका पाटीवर शिकवले, तेव्हा तुझे अक्षर गिचमीड आणि माझे टपोरे होते. आता माझ्या डोळ्यांपुढे सारखे धुके असते. तुझे पत्रही त्यानेच वाचून दाखवले. वकिलांच्या कचेरीत दस्तांच्या नकला करून त्याचे अक्षर बरे झाले आहे, एवढाच त्या नोकरीचा मला लाभ.

गुणाजीबद्दल तू लिहिलेस ते बरोबर आहे. तो मागे पाहतो ते घमेंडीने नव्हे, सवयीने. माझे घरचे त्याच्या मागून यायचे तेव्हापासूनची ती सवय आहे.

महिपतबद्दल तुझे मत मला पटत नाही. पराणी लवकर चालते, खरे आहे. पण ती वयाची गोष्ट आहे, उतरेल. मुख्य म्हणजे त्याचा हात कधी दोन नाही. जो हात सुटताना तोच वळणावर. बैलाला तेच हवे असते. कासरा आवळलेला असला तरी तो कसा आवळला जाणार हे जोडीला ठाऊक असते, म्हणून ती त्याच्याखाली कधी बुजली नाही. तुझ्या मुलाला गुणाजीला हरवायला दोन वर्षे लागतील, पण तो हरवील.

आता याचे सांगते. हा अंगाने हलका आहे, दुसरे काही नाही. बैलांचे कान पाहतो म्हणतेस. गाडीवानाने रस्ता पाहावा. शेवटी दामटीत नाही तो दयेने नव्हे. जिंकल्यावर लोक खांद्यावर घेतील, त्याची याला लाज वाटते. आणि ज्या गोष्टीने तू श्वास धरलास ती तर मुळीच गुण नाही. वळणावर याचा हात सैल पडतो, आवडे. तो सोडत नाही, पडतो. दोन्हींत फार फरक आहे. असल्या हाती मी जोडी देणार नाही.

माझे मत महिपतला. त्र्यंबकने तिकडे येऊन राहण्याचे कारण उरत नाही. कचेरीतही काम फार आहे.

तुझी,
सगुणा

ता. क. काकूस त्र्यंबकचा नमस्कार. आईने सांगितले तसे सगळे लिहिले आहे, एक शब्द गाळला नाही. 'भित्रा' हा शब्द तेवढा तिने आधी सांगितला आणि मग खोडायला लावला. खोडलेले वाचू नये.


कल्याण, फाल्गुन शुद्ध २, शके १८०८

तीर्थरूप जाऊबाई यांच्या चरणी आवडीचा साष्टांग नमस्कार.

पत्र उघडले आणि अक्षर पाहून मी ओसरीवरच बसले. त्याचे दोष त्याच्याच हाताने लिहून घेतलेत! रीत मी जाणते, तोही जाणतो, म्हणून तर त्याने ताजा कलम हसत लिहिला. तरी मला वाचवेना.

तुम्ही रीतीने लिहिलेत हे समजून मी तुमचे पत्र उलटे करून वाचले. जिथे दोष लिहिलात तिथे गुण धरला. तसेच वाचायचे असते ना? हात सैल पडतो म्हणालात. मी म्हणते, तो भरवसा आहे. बैलावर इतका भरवसा टाकणारा गाडीवान मी पाहिला नाही. महिपतला मी हे रोज सांगते, जरा त्र्यंबकचा हात बघ, वळणावर किती मोकळा असतो तो.

इकडेही त्र्यंबककडे कल आहे. आणि मी खरे सांगू? महिपत छकड्यावर असला की मी पडदा सोडून देते. त्र्यंबक असला की मी पाहू शकते. माझा जीव थाऱ्यावर राहतो. एवढ्या कारणासाठी तरी हो म्हणा. चैत्री पौर्णिमेपर्यंतचाच प्रश्न आहे. तुम्हांला डोळ्यांमुळे अडचण होईल म्हणून शेजारच्या विमलाबाईंना दोन्ही वेळा येऊन जाण्याविषयी मी परभारे निरोप धाडला आहे. रागावू नये.

तुम्हीही त्याच्याबरोबर यावे असे फार वाटते. पण नुसते वाटून काय होणार?

आपली,
आवडी


ठाणे, फाल्गुन शुद्ध ८, शके १८०८

सौ. आवडीस आशीर्वाद.

हे मी स्वतः लिहीत आहे. ओळी एकमेकींवर चढल्या असतील, सांभाळून वाच.

विमलाबाई येऊन गेल्या. म्हणजे माझे उत्तर येण्याआधीच तू सगळे लावून ठेवले आहेस.

तुला माहीत आहे, मी दोन वर्षे एका माणसाला कुशीवर वळवले. सकाळी एका अंगावर, दुपारी दुसऱ्या. चिंचेच्या वळणावर घरच्यांचा छकडा उलटला तेव्हा त्र्यंबक माझ्या मांडीवर होता आणि मी पडद्याआडून नीट पाहता यावे म्हणून त्याला वर धरले होते. त्याने ते पाहिले. त्यानंतर मी त्या माळाच्या वाटेवर पाऊल ठेवले नाही आणि ठेवणार नाही. मला तिकडे बोलवत जाऊ नकोस.

त्याच्याबद्दल आणखी एक गोष्ट आहे. ती लिहिण्याजोगी नाही. पोराने आपल्याशी ठेवलेली गोष्ट आईने पत्रात घालू नये.

तू मला मूल दिलेस आणि त्यानंतर आजवर काही मागितले नाहीस. म्हणून नाही म्हणवत नाही. पाठवते. शर्यतीला बसण्याआधी वळण त्याच्याकडून पुन्हा पुन्हा घेऊन घ्यावे, आणि तो घेत असताना त्याच्या हाताकडे न पाहता तोंडाकडे पाहावे. एवढे दिरांना सांग.

सगुणा


कल्याण, फाल्गुन वद्य ५, शके १८०८

तीर्थरूप जाऊबाई यांच्या चरणी आवडीचा साष्टांग नमस्कार.

आज रंगपंचमी. दोन्ही पोरे इतकी रंगली आहेत की बैलही त्यांना हुंगून पाहत होते. त्र्यंबक सुखरूप आहे. जेवण चांगले जाते. तुमच्यासारखी आमटी मला जमत नाही असे त्याने दोनदा सांगितले आणि तिसऱ्यांदा वाढून घेतली.

पहाटे दोघे जोडीला तळ्यावर नेतात. मी काल कपडे घेऊन गेले होते, तर काठावर दोघांचे बोलणे चालले होते. ते जसेच्या तसे लिहिते, तुम्हांला हसू येईल.

त्र्यंबक म्हणत होता, "तुझी आई तुला काय म्हणते ठाऊक आहे का रे?"

"काय म्हणते?"

"महिपत म्हणे बैलांना हाकतच नाही. समोरच्याच्या पाठीला हाकतो."

"आणि तुझी तुला?"

"मी वळणावर रस्ता सोडून बैलांचे कान मोजतो."

महिपत पाण्यातच बसला हसत. "आणि गुणाजीला कोण काय म्हणतं रे?"

"गुणाजीची आई वारली. म्हणून तर जिंकतो."

मीही हसले. मग आठवले की त्र्यंबक माझी पत्रे वाचतो आणि तुमची लिहितो, तेव्हा महिपतलाही आता सगळे ठाऊक झाले असणार. संध्याकाळी तो स्वयंपाकघरात आला आणि माठाजवळ उगाच उभा राहिला. म्हणाला, "आई, माझं बरं काय ते फक्त मोठ्या आईने लिहिलंय होय?" मी म्हटले, "वेड्या, रीतच आहे ती." म्हणाला, "रीत ठाऊक आहे. पण त्र्यंबक बसला की तू पडदा उघडा ठेवतेस, तीही रीतच का?" त्याला शेवयाची खीर हवी होती असे समजून मी ती केली. त्याने खाल्ली.

छकड्यावर त्र्यंबक रोज बसतो. तुमचा निरोप मी इकडे सांगितला. तोंडाकडे काय पाहायचे, असे म्हणणे झाले, धुळीत तोंड दिसते कुठे? पण हात फार सुंदर दिसतो, जाऊबाई. तुम्ही एकदा पाहायला हवा होता.

माझी खोली त्याच्या खोलीला लागून आहे. तो झोपेत दात खातो. हे तुम्हांला ठाऊकच असणार. मला नव्हते. पाच वर्षांचा असताना तुमच्या ओटीत दिला, तोवर खात नसे.

आपली,
आवडी


ठाणे, चैत्र शुद्ध ३, शके १८०९

सौ. आवडीस आशीर्वाद.

पाडवा होऊन गेला. पंधरवड्यात तुझे पत्र नाही. कल्याणहून येणाऱ्यांना विचारावे तर ते दुसरेच काही बोलू लागतात. विमलाबाईंच्या हातून हे लिहविते आहे. जे असेल ते दोन ओळींत कळव. त्र्यंबकचे काही असेल तरी कळव.

सगुणा


कल्याण, चैत्र शुद्ध ६, शके १८०९

तीर्थरूप जाऊबाई यांच्या चरणी आवडीचा नमस्कार.

त्र्यंबक सुखरूप आहे. हे आधी लिहिले, कारण तुम्ही हेच आधी शोधाल.

महिपत पडला. फाल्गुनी अमावास्येच्या सकाळी त्याने कोणाला न सांगता जोडी जुंपली आणि माळावर नेली. त्र्यंबकला जाग आली, तो मागून धावत गेला. त्याने पाहिले ते असे. महिपतने जोडी नेहमीसारखी जोरात सोडली. पराणी मात्र एकदाही उचलली नाही. चिंच जवळ आली आणि त्याने हात सैल सोडला. अगदी त्र्यंबकसारखा. बैलांना त्याच्या हातची आवळ ठाऊक. ती आली नाही तेव्हा ते गोंधळले. पाखऱ्या सरळ गेला, हरण्या आत वळला, आणि छकडा दोघांच्या मधे उलटला. महिपतची मांडी चाकाखाली आली.

भिवंडीहून हाडवैद्य आणला. त्याने पाय फळ्यांत बांधला आहे. हाड दोन ठिकाणी मोडले. पाय राहील, पण आखूड राहील. छकड्यावर तो पुन्हा बसणार नाही. बैलांना थोडेफार खरचटले, बाकी ते धड आहेत.

उचलून आणताना तो शुद्धीवर होता. मला म्हणाला, "आई, तू म्हणतेस तसाच सोडला गं हात." यात रागाचा शब्द नव्हता. राग असता तर मला बरे झाले असते.

शर्यतीतून आम्ही जोडी काढली. काल गुणाजी मोहन्याहून येऊन बसला होता. महिपतला म्हणाला, "अरे पोरा, माझ्या पाठीला हाकत होतास तेच बरं होतं. निदान मला जाग राहत होती." महिपत हसला. पडल्यापासून पहिल्यांदा हसला. गुणाजी बाहेर येऊन ओसरीच्या खांबाला धरून उभा राहिला आणि मग निघून गेला.

महिपतला कुशीवर कसे वळवावे ते मला येत नाही. तो ओरडतो. तुम्ही कसे करीत होता ते लिहावे.

आवडी


ठाणे, चैत्र शुद्ध १०, शके १८०९

सौ. आवडीस सगुणेचे आशीर्वाद.

आधी वळवण्याचे. एकटीने करू नकोस. एकाने कमरेखाली हात घालायचा, एकाने मोडलेला पाय फळीसकट धरायचा, आणि त्याने स्वतः श्वास सोडला की वळवायचे, घेताना नव्हे. पाठीखालचे पांघरूण दुमडले नाही ना ते हात फिरवून पाहायचे. टाचेखाली जुन्या लुगड्याची चुंबळ ठेव, टाच टेकू देऊ नकोस. तिथे आधी जखम होते. ओरडला तर ओरडू दे. घरचे ओरडत नसत, म्हणून मला उशिरा कळे.

आता दुसरे. हे कोणाकडून लिहविता येणार नाही, म्हणून दोन दिवस लागले तरी स्वतः लिहिते आहे.

मी जी गोष्ट लिहिली नाही ती ही. वळणावर त्र्यंबक डोळे मिटतो. बाप पडताना पाहिल्यापासून मिटतो. चिंच आली की त्याला पुढचे दिसू नये असे वाटते, आणि डोळे मिटले की हात आपोआप सैल पडतो. जोडी शहाणी म्हणून आजवर निभावले. मला हे त्यानेच एकदा तापात सांगितले. त्याच्याच हाताने ते मी तुला कसे कळवणार होते? म्हणून दोष म्हणून तेवढे सांगितले, की समजणारी समजेल. पण तू रीत समजलीस आणि पत्र उलटे करून वाचलेस. मी खरे सांगत होते, आवडे. तुझ्या पोराचा हात एकसारखा आहे हेही खरेच सांगत होते. मला तोच गाडीवान हवा होता.

तू मात्र रीतीने लिहीत नव्हतीस. तुझे पहिलेच पत्र त्र्यंबक वाचून दाखवीत होता तेव्हा, खोली सारवून ठेवली आहे, या ओळीला मला कळले की शर्यत कोणाला हवी आहे आणि मुलगा कोणाला. तरी मी गप्प राहिले. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा काही मागत होतीस. मी महिना दिला. तुला तो सरळ मागता आला असता तर शर्यतीचे नाव निघाले नसते.

हे तुला टोचावे म्हणून लिहिलेले नाही. तू आत्ता जशी बसली असशील तशी मी बसलेली आहे. मला ते बसणे माहीत आहे.

पौर्णिमा झाली की त्र्यंबकला पाठव. वकिलांचे दोन निरोप आले. मला दिवा आणि दिव्याची सावली वेगळी दिसत नाही. परवा विस्तवावर हात गेला. विमलाबाई दोन्ही वेळा येतात, पण त्या आपल्या घरी जातात.

सगुणा


कल्याण, वैशाख शुद्ध ४, शके १८०९

तीर्थरूप जाऊबाई यांच्या चरणी आवडीचा साष्टांग नमस्कार.

तुमच्या सांगण्याप्रमाणे वळवतो. त्र्यंबक पाय धरतो, मी कंबर धरते, आणि महिपत श्वास सोडताना "हं" म्हणतो. टाच शाबूत आहे. हाडवैद्य म्हणाला, ज्येष्ठात फळ्या काढू.

तुमच्या हातचे पत्र मी पुष्कळ वेळा वाचले. यावेळी सरळ वाचले.

त्र्यंबकला मी विचारले नव्हते. त्यानेच महिपतला सांगितले. दुपारी मी दळण पाखडीत होते आणि आतून बोलणे ऐकू येत होते. "मी मिटतो रे डोळे. हात सोडत बिडत नाही." मग महिपत म्हणाला, "म्हणजे मी तुझं बघून डोळे उघडे ठेवून आंधळ्यासारखं हाकलं." मला वाटले आता तो रडेल, पण तो म्हणाला, "एवढ्यासाठी पाय मोडला! आधी सांगतास तर निदान मिटून तरी घेतले असते." आणि दोघे हसू लागले. मला उठून आत जाता आले नाही. पाखडलेले दाणे पुन्हा पाखडीत राहिले.

आता दोघांचा दिवसभर एकच उद्योग आहे. गुणाजी काय करतो, तिसगावचा नवा पोरगा काय करतो, कोणाचा हात जड, कोणाची नजर आखूड. पौर्णिमेची शर्यत पाहायला महिपतने त्र्यंबकला बळेच पाठवले होते. परत आल्यावर त्याने चिंचेचे वळण जमिनीवर काडीने काढून दाखवले. महिपतने अंथरुणावरून ते दुरुस्त केले. गुणाजीच जिंकला. पण वळणावर तो मागे पाहायला विसरला म्हणे, आणि सगळे त्याचीच चर्चा करीत होते.

त्र्यंबकला मी तुमचे पत्र आल्याच्या दिवशीच सांगितले की आईने बोलावले आहे. तो म्हणाला, "जातो काकू. आई एकटी आहे." आणि गाठोडे बांधायला लागला. मी थांबवले. पौर्णिमा होऊन गेली तरी मी त्याला पाठवले नाही, हा दोष त्याचा नाही.

तुम्ही म्हणालात, सरळ मागायला हवे होते. तर आज मागते. महिपतला त्याची गरज आहे असे मी लिहू शकले असते. ते खोटेही नाही. आणि तसे लिहिले असते तर तुम्ही नाही म्हणाला नसता, हे मला माहीत आहे. म्हणूनच तसे लिहीत नाही. महिपतचे होईल. इकडे माणसे आहेत, गुणाजी येतो, आणि कुबड्यांसाठी सुतार माप घेऊन गेला आहे.

मी माझ्यासाठी मागते आहे. दत्तविधान झाले तेव्हा मी एका शब्दानेही अडवले नाही आणि आजही ते मोडावे असे म्हणत नाही. तो तुमचाच आहे, तुमच्याच नावाने तर्पण करील, आणि मला काकूच म्हणेल. मला फक्त या पावसाळ्याचे चार महिने हवे आहेत. आषाढात चूल पेटत नाही तेव्हा तो कोणत्या खोलीत बसतो, ओला होऊन आला की कोणाला हाक मारतो, हे मला पाहायचे आहे. याहून मोठे कारण माझ्यापाशी नाही.

तुमचा हात विस्तवावर गेला हे वाचूनही मी मागते आहे. तुमच्या जागी मी असते तर दिला नसता. तुम्हीही देणार नाही. गाठोडे बांधलेले तसेच ओसरीवर ठेवले आहे, तुमचे उत्तर आले की तो त्याच दिवशी निघेल. तरी विचारते, जाऊबाई. चार महिने त्र्यंबकला माझ्याकडे राहू द्या.

आपली,
आवडी